फांदी मागा, पण आयर्लंडमधल्याच घरातून

ऑगस्ट संपत आला, मुलांच्या शाळा उघडायची वेळ झाली, की आयर्लंडमधल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक ठरलेला निरोप येतो. "भारतातून कोण परत येतंय? येताना ओव्याच्या पानाची एक छोटीशी फांदी आणाल का? ओल्या टिश्यूत गुंडाळून पिशवीत घातली की टिकते." त्याखाली लगेच कुणीतरी लिहितं, "कपड्यांच्या मध्ये ठेवा, कुणी बघत नाही."

ही मागणी करणाऱ्यांची ओढ मला पुरेपूर कळते. पाऊस लागला की या पानांची भजी हवीच, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. पुढे वनस्पतींतल्या सुगंधी द्रव्यांवर पीएचडी केली, आणि आता डब्लिनमध्ये त्याच विषयात संशोधन करते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत या रोपाच्या चार कुंड्या आहेत. तरीही माझं मत स्पष्ट आहे. ओव्याचं पान इथे जरूर लावा, भरपूर खा, शेजाऱ्यांना द्या. पण त्याची फांदी भारतातून आणू नका. त्याची गरज नाही, आणि त्यातला धोका आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. गरज का नाही हे रोपाकडे नीट पाहिलं की समजतं, आणि धोका काय आहे हे आयर्लंडच्या इतिहासाकडे पाहिलं की समजतं. म्हणून आधी रोपाबद्दल बोलू.

ओवा नसलेला ओवा

मसाल्याच्या डब्यातला ओवा आणि कुंडीतलं ओव्याचं पान यांचं नातं फक्त वासापुरतं आहे. डब्यातला ओवा हा धने, जिरं, बडीशेप यांच्या कुळातला. ते वर्षभरात संपणारं रोप असतं आणि आपण ज्यांना दाणे म्हणतो ती त्याची वाळलेली फळं असतात. ओव्याचं पान, म्हणजेच पानओवा, हे मात्र तुळस आणि पुदिन्याच्या कुळातलं. पटत नसेल तर तुळस, पुदिना आणि पानओवा तिघांच्या कोवळ्या फांद्या बोटांत फिरवून बघा. खोड गोल नाही, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि एक जोडी वरच्या-खालच्या जोडीला काटकोनात असते. या कुळाची ही सहज ओळखू येणारी खूण आहे.

मग वास सारखा का? कारण दोन्हींत सारखी रसायनं आहेत. ओव्याच्या दाण्यांत थायमॉल असतं. ओव्याच्या पानात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही दोन्ही असू शकतात, आणि कुठलं जास्त ते वाणावर अवलंबून असतं. दोन्ही रेणूंमध्ये १० कार्बन, १४ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. फरक इतकाच, की ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी कड्यावर कुठे बसली आहे. इटालियन जेवणातल्या ओरेगानोचा तिखट झणका मुख्यतः कार्व्हाक्रॉलचा असतो, तर थाइमचा वास थायमॉलचा. थाइम आणि ओरेगानोसारख्या वनस्पती हे रेणू नेमक्या कोणत्या पायऱ्यांनी बनवतात, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून बरंच स्पष्ट झालं. एरवी स्वयंपाकघरात हजारो वर्षं वापरलेल्या वासाचा कारखाना आपल्याला इतक्या उशिरा कळावा, याचं मला अजून नवल वाटतं.

हा माल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म, गाठीसारख्या केसांमध्ये साठवलेला असतो. पान चुरगळलं की या गाठी फुटतात आणि वास दरवळतो. रोपाच्या दृष्टीने ही किडे आणि बुरशी यांच्याविरुद्धची शस्त्रसामग्री आहे. आपण तिला भज्यांत घालतो, ही गोष्ट वेगळी.

या रोपाच्या नावांचा गोंधळ तर विचारूच नका. जुआंव द लोरेरू या पोर्तुगीज जेझुइट धर्मोपदेशकाने १७९० साली त्याला 'कोलियस अम्बॉइनिकस' हे शास्त्रीय नाव दिलं, ते इंडोनेशियातल्या अम्बॉन बेटावरून. नंतर बराच काळ ते 'प्लेक्ट्रान्थस' म्हणून ओळखलं जात होतं आणि २०१९ साली वर्गीकरणतज्ज्ञांनी त्याला पुन्हा 'कोलियस'मध्ये नेलं. इंग्रजीत त्याला क्युबन ओरेगानो, मेक्सिकन मिंट, स्पॅनिश थाइम आणि इंडियन बोरेज अशी चार नावं आहेत. ते ओरेगानोही नाही, मिंटही नाही, थाइमही नाही आणि बोरेजही नाही. पूर्व आणि दक्षिण आफ्रिका हे त्याचं एक मूळ घर मानलं जातं, आणि ते या नावांत कुठेच नाही.

पण या गोंधळातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. हे रोप जगभर गेलं, ते फांदीच्या जोरावर. एक पेर मातीत खोचलं की नवं रोप तयार. घरोघरी ते जवळजवळ नेहमी असंच वाढवलं जातं, बियांवाटे नाही. आणि फांदीपासून आलेलं रोप हे मूळ रोपाचं अपत्य नसतं, ते मूळ रोपच असतं. जनुकीय दृष्ट्या तंतोतंत. रत्नागिरीतल्या परसातली फांदी गॉलवेच्या कुंडीत वाढली आणि पुढे तिची फांदी कॉर्कला गेली, तरी ते रत्नागिरीचंच रोप. म्हणून "मला आपल्याकडचंच हवं" असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, की इथल्या कुणा मराठी घरातल्या कुंडीत जे आहे ते आपल्याकडचंच आहे. त्यासाठी विमानप्रवासाची गरज नाही.

बहुवर्षायू, पण कुठे?

पुस्तकात या रोपापुढे 'बहुवर्षायू' असं लिहिलेलं असतं. आयर्लंडमध्ये हा शब्द जरा जपून वाचावा लागतो. राउनकिअर या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतींची एक सोपी विभागणी सुचवली: वाईट ऋतूत रोपाचे डोळे, म्हणजे पुन्हा फुटणारे कोंब, कुठे असतात ते पाहा. पुदिन्याचे डोळे जमिनीखालच्या धावत्या खोडांवर असतात. म्हणून थंडीत इथल्या बागेतला पुदिना वरून मेल्यासारखा दिसतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा उगवतो. पाणपुदिना तर आयर्लंडच्या ओढ्याकाठी मुळातूनच रानटी वाढतो. पानओव्याचे डोळे मात्र उघड्यावर, रसाळ फांद्यांवर असतात. त्याची पानं पाण्याने फुगलेली. पारा शून्याखाली गेला की त्या पाण्याचं बर्फ होतं, पेशी फुटतात आणि सकाळी कुंडीत काळा लगदा उरतो.

नुसती थंडीच नाही, उजेडाचाही प्रश्न आहे. मुंबई १९ अंश उत्तरेला, डब्लिन ५३. मुंबईत डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो, डब्लिनमध्ये साधारण साडेसात तासांचा, आणि तोही बहुधा ढगाखालचा. उलट जूनमध्ये इथे सुमारे १७ तास उजेड मिळतो. म्हणजे हे रोप इथे मे ते सप्टेंबर जोमाने वाढणार आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी कसंबसं तग धरणार. हे वेळापत्रक मान्य केलं की बाकी काम सोपं आहे.

माझी पद्धत अशी. दक्षिणेकडची खिडकी, भोक असलेली लहान कुंडी, आणि कंपोस्टमध्ये निदान एक तृतीयांश ग्रिट किंवा पर्लाइट. इथलं बाजारातलं पीट-कंपोस्ट पाणी फार धरून ठेवतं. हिवाळ्यात ही रोपं थंडीने मरतात त्याहून जास्त ओल्या मुळांनी मरतात. त्यामुळे उन्हाळ्यात माती वरून सुकली की पाणी, आणि हिवाळ्यात कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी. मे अखेरीस रात्री १० अंशांच्या वर राहू लागल्या की कुंडी बाहेर ठेवायला हरकत नाही; सप्टेंबरअखेर ती आत आलीच पाहिजे. हिवाळ्यात खिडकीची काच आणि पडदा यांच्या मध्ये कुंडी अडकवू नका, तिथे रात्री फार गार होतं. पेरांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपून काढावा आणि ती कुंडी इतरांपासून लांब ठेवावी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फांद्या लावून घ्या. आठ-दहा सेंटिमीटरची निरोगी फांदी पेराच्या खाली कापा, खालची पानं काढा, काप दिवसभर सुकू द्या आणि ग्रिट मिसळलेल्या मातीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. जुनं झुडूप हिवाळ्यात गेलं तरी एक-दोन नवी रोपं वाचतात. म्हणजे या देशात हे रोप बहुवर्षायू राहतं ते स्वतःच्या बळावर नाही, दरवर्षी फांदी लावणाऱ्या हातांमुळे.

आणि म्हणूनच ते एकट्या घरात टिकणं कठीण. एखाद्या हिवाळ्यात तुम्ही महिनाभर भारतात जाता, हीटिंग बंद असतं, रोप जातं. पण त्याच्या फांद्या आणखी पाच घरांत असतील तर ते गेलेलं नसतं. परिसंस्थाशास्त्रात विखुरलेल्या लहान लहान वस्त्यांबद्दल हेच सांगतात: एक वस्ती विझली तरी दुसरीकडून ती पुन्हा वसते, मात्र ये-जा चालू हवी. माझ्या मते तर फांदी इथेच वाटण्याचं हे सर्वात व्यवहारी कारण आहे.

ताटातलं पान

वाढवायचं ते खाण्यासाठीच. भज्यांसाठी मोठी, पण जून न झालेली पानं घ्या, धुऊन अगदी कोरडी करा. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, हळद, तिखट, मीठ. पिठात ओवा घालू नका, पान स्वतःच ओवा आहे. पीठ जरा दाट हवं आणि तेल चांगलं तापलेलं, कारण पानात पाणी खूप. तेल गार असेल तर ते पाणी पीठ मऊ करून टाकतं.

थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल पाण्यात फारसे विरघळत नाहीत, तेला-तुपात सहज विरघळतात. म्हणून दोन पानं बारीक चिरून तुपाच्या फोडणीत टाकली तर वास पूर्ण डाळभर पसरतो. पण ते उडूनही जातात, तेव्हा तासभर उकळण्यात अर्थ नाही. पानं तुपात परतून ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून ताकात कालवली की कोकणाच्या दक्षिणेला करतात तशी तंबळी होते. आयरिश शेजाऱ्यांना भजी आवडतातच, पण माझ्याकडे सर्वात खपलेला प्रकार म्हणजे लोण्यात परतलेली बारीक चिरलेली पानं घातलेला कुस्करलेला बटाटा. त्यांच्या बटाट्याला आपलं पान फार शोभतं.

औषधाबद्दल दोन शब्द, कारण ते विचारलं जातंच. कार्व्हाक्रॉल काचेच्या बशीत जिवाणू मारतं, हे खरं आहे. पण बशीत मारणारी मात्रा आणि एका पानाच्या रसातून घशापर्यंत पोहोचणारी मात्रा यांची तुलना होत नाही. गरम काढ्याने घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी तो जरूर प्या; दम लागणाऱ्या मुलाला डॉक्टरकडेच न्या. पानाचा रस मधातून द्यायची पद्धत आहे, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही देऊ नये. त्यातल्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कारण त्यांना हे पान बाधतं.

फांदीबरोबर काय काय येतं

आता धोक्याकडे वळू. फांदी म्हणजे फक्त फांदी नसते. तिच्या शिरांत विषाणू आणि जिवाणू असू शकतात, पानाच्या मागे लाल कोळ्याची किंवा पांढऱ्या माशीची अंडी, पेराच्या बेचक्यात पिठ्या ढेकणाची पिल्लं, आणि मुळाला माती चिकटलेली असेल तर सूत्रकृमी आणि बुरशीचे बीजाणू. यातलं बहुतेक डोळ्यांना दिसत नाही. रोप हिरवंगार दिसतं, कारण पिढ्यानपिढ्या सोबत राहिल्याने त्याला त्या सोबत्यांची सवय झालेली असते. सवय नसते ती नव्या देशातल्या झाडांना.

हे आयर्लंडइतकं दुसऱ्या कुठल्या देशाला क्वचितच ठाऊक असेल. २० ऑगस्ट १८४५ रोजी डब्लिनच्या ग्लासनेव्हिन वनस्पती उद्यानाचे क्युरेटर डेव्हिड मूर यांना तिथल्या बटाट्यांवर रोग दिसला. आपले शेतकरी ज्याला करपा म्हणतात, तोच. फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स हा बुरशीसारखा दिसणारा सूक्ष्मजीव अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आला होता. इथल्या गरिबांचं पोट मुख्यतः 'लंपर' या एकाच जातीच्या बटाट्यावर चाले. बटाटा बेण्यापासून लावतात, म्हणजे ओव्याच्या पानासारखाच, प्रत्येक रोप आधीच्याची हुबेहूब नक्कल. एक रोप बळी पडलं म्हणजे सगळीच बळी पडणार. सुमारे १० लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत जवळपास ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. दुष्काळाला सरकारी धोरण, जमीनदारी आणि खंड हेही तितकेच जबाबदार होते. पण ठिणगी त्या जीवाची होती. २०१३ साली शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत जपलेल्या त्या काळच्या वाळलेल्या पानांतून त्याचा डीएनए वाचला आणि त्या वाणाला 'हर्ब-१' असं नाव दिलं.

"ती जुनी गोष्ट," असं वाटत असेल तर आपल्याच काळातली घ्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये लीट्रिम काउंटीत ॲश झाडांचा एक बुरशीजन्य रोग आयर्लंडमध्ये पहिल्यांदा सापडला, तो युरोपातून आयात केलेल्या रोपांवर. ही बुरशी मूळची पूर्व आशियातली. तिथल्या ॲशला ती फारसा त्रास देत नाही, इथल्या ॲशला मारते. त्या खेपेतली झाडं शोधून नष्ट करण्यात आली, तरी आज हा रोग सर्व काउंट्यांत आहे. तुमची मुलं शाळेत हर्लिंग खेळत असतील, तर त्यांच्या हातातली हर्ली पारंपरिकरीत्या याच लाकडाची असते. रस्त्याने जाताना शेंड्याला वाळलेली ॲश झाडं तुम्ही नक्की पाहिली असतील.

ओव्याच्या पानाच्या कुळाला थेट भिडणारं उदाहरण म्हणजे झायलेला हा जिवाणू. २०१३ साली दक्षिण इटलीतल्या पुलिया भागात ऑलिव्हची झाडं वाळण्यामागे तो असल्याचं उघड झालं. त्याच्या जनुकांचा माग काढल्यावर असं दिसलं, की तो बहुधा मध्य अमेरिकेतून आलेल्या कॉफीच्या रोपातून शिरला. तो लॅव्हेंडर आणि रोझमेरीतही राहतो, आणि हे दोघे पानओव्याचे भाऊबंद. कित्येक वनस्पतींत तो काहीही लक्षण न दाखवता राहतो. आयर्लंडमध्ये तो अजून आलेला नाही. क्लेअर काउंटीतल्या बर्रेनच्या चुनखडीवर रानथाइम फुललेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो येऊ नये असं का वाटावं हे सांगायला नको.

आणि उलट दिशेचं उदाहरण तर आपल्या घरचं. काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. आज महाराष्ट्रात ते नसलेला माळ शोधावा लागतो. एका देशातलं साधं तण दुसऱ्या देशात काय करतं, हे आपण अंगावर पुरळ येईपर्यंत अनुभवलं आहे.

कायदा आणि आक्षेप

युरोपीय संघाचा वनस्पती आरोग्याचा नवा कायदा १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. त्यानुसार संघाबाहेरून येणारं जिवंत रोप, फांदी, पेरायचं बी, आणि बहुतेक ताजी पानं-फळं यांच्याबरोबर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल निरोगी असल्याचा निर्यात करणाऱ्या देशाचा सरकारी दाखला, लागतो. प्रवाशाच्या बॅगेलाही हेच लागू. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर. तुळशीचं बीसुद्धा या नियमात येतं. ब्रेक्झिटनंतर ग्रेट ब्रिटनही 'बाहेरचा' झाला, त्यामुळे लंडनच्या मावशीने पोस्टाने पाठवलेली फांदीही चालत नाही.

यावर मला नेहमी दोन आक्षेप ऐकू येतात. दोन्हींना वजन आहे.

पहिला: "मोठी संकटं व्यापारातून आली, आमच्या बॅगेतून नाही. ॲशचा रोग कंटेनरभर रोपांबरोबर आला. मग आमच्या एका फांदीवरच का डोळा?" यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे. रोपांचा व्यापार आजही गरजेपेक्षा सैल आहे, असं माझ्यासह अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांना वाटतं. पण व्यापारात निदान कागद असतो. रोग सापडला की कुठल्या खेपेची रोपं कुठे गेली हे शोधता येतं. कपड्यांच्या घडीत आलेल्या फांदीचा माग कुणालाच काढता येत नाही, आणणाऱ्यालाही नाही, कारण वर्षभरात तिच्या फांद्या दहा घरांत गेलेल्या असतात. शिवाय रोगजंतूंच्या बाबतीत प्रमाण हा दिलासा नसतो. पुलियातल्या लाखो झाडांमागे एखादंच रोप असू शकतं.

दुसरा: "एका फांदीसाठी दाखला कोण काढणार? म्हणजे नियम आहे, पण पाळायची सोय नाही." हेही खरं. सामान्य प्रवाशासाठी तो दाखला व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे, आणि अशा नियमांचा भार स्थलांतरितांवर जास्त पडतो. आयरिश माणसाला त्याच्या आजीच्या परसातला पुदिना हवा असेल तर तो गाडीने जाऊन आणतो. पण यावर उपाय म्हणून नियम मोडावा असं मला वाटत नाही, कारण उपाय आधीच इथे आहे. पानओवा आयर्लंडमध्ये आणि युरोपात आलेला आहे. युरोपीय संघातल्या काही रोपवाटिका तो क्युबन ओरेगानो किंवा कोलियस अम्बॉइनिकस या नावाने ऑनलाइन विकतात. घरपोच मागवलेल्या रोपावर संघाचा झेंडा असलेला प्लांट पासपोर्टचा कागद हवा, तेवढं पाहून घ्या. आणि घरगुती हौसेने शेजारणीला फांदी द्यायला तर कुठलाच कागद लागत नाही.

मग करायचं काय?

माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्याकडे गणेशोत्सव ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये येतो, म्हणजे नेमका फांद्या लावायच्या दिवसांत. ठिकठिकाणच्या मंडळांनी आरतीनंतर कोपऱ्यात एक टेबल मांडावं. ज्यांच्याकडे पानओवा आहे त्यांनी तीन-चार मुळं धरलेली रोपं दह्याच्या रिकाम्या डब्यांत आणावीत, ज्यांच्याकडे नाही त्यांनी न्यावीत. डब्यावर चिठ्ठी लावावी: रोप कुठून आलं, केव्हा लावलं. आणण्याआधी दोन आठवडे रोप वेगळं ठेवून पानांच्या मागे आणि पेरांत नीट पाहावं. किडीचं रोप टेबलावर येऊ नये. लंपर बटाट्याचा धडा लक्षात ठेवून सगळ्यांनी एकाच कुंडीची नक्कल वाढवू नये. रोपवाटिकेतून एक-दोन वेगळे वाण आणून तेही फिरू द्यावेत. चवीत फरक पडेल, कारण एकात थायमॉल जास्त असेल, दुसऱ्यात कार्व्हाक्रॉल. मुलांना हा फरक नुसत्या वासावरून ओळखायला लावा. रसायनशास्त्राचा याहून चांगला तास शाळेत मिळायचा नाही.

आणि व्हॉट्सॲपवर तो ठरलेला निरोप आला, की "कपड्यांच्या मध्ये ठेवा" असं उत्तर देण्याऐवजी आपल्यापैकी कुणीतरी लिहावं, "माझ्याकडे आहे, शनिवारी घेऊन जा." मी तरी तसंच लिहिते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या खिडकीतून सात फांद्या गेल्या, त्यातल्या दोन आयरिश घरांत. या हिवाळ्यात माझ्या चारही कुंड्या गेल्या, तरी कुणाच्या दारात फांदी मागायला जायचं हे मला ठाऊक आहे.